गायरान बळकावलं तर नेमकी शिक्षा काय? सरकारी जमीन, दंड आणि कायदा सोप्या भाषेत

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला गायरान आहे, म्हणजे होतं असं म्हणायची वेळ आलीये. लहानपणी आम्ही मामाच्या शेळ्या घेऊन तिकडे जायचो तेव्हा एका टोकाला उभं राहिलं की दुसऱ्या टोकाची बाभळ बारीक दिसायची. आता मधे दोन गोठे, एक पत्र्याचं गोडाऊन, कुणीतरी तारेचं कुंपण घातलेली ज्वारी आणि एक भला मोठा खड्डा, जिथनं रात्रीचा मुरूम गेला. शेळ्या रस्त्याच्या कडेला चरतात.

मागच्या वर्षी गावात यावरून भांडण झालं तेव्हा मला दोन प्रकारची माणसं भेटली. एक म्हणायचे, "सरकारी जमिनीला हात लावला तर थेट दहा वर्ष जेल." दुसरे म्हणायचे, "काही होत नाही रे, बारा वर्ष ताबा ठेव, आपोआप नावावर होते." दोघंही ठामपणे बोलत होते आणि दोघंही चुकीचं बोलत होते. म्हणून मी कायदा वाचायला बसलो, ओळखीच्या वकिलांना आणि एका निवृत्त मंडळ अधिकारी काकांना विचारून विचारून समजून घेतलं, आणि जे कळलं ते इथे लिहितोय.

आधी सरकारी जमीन म्हणजे काय ते बघू, कारण अर्धा घोळ इथेच होतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ हा आपला मुख्य कायदा. त्याचं कलम २० सांगतं की जी जमीन कुणा व्यक्तीच्या किंवा संस्थेच्या मालकीची नाही ती सगळी राज्य सरकारची, त्यात रस्ते, नद्या, नाले, तलाव, ओढे सगळे आले. म्हणजे "ही पडीक आहे, कुणाचीच नाही" अशी जमीन कायद्यात नसतेच, कुणाचीच नाही म्हणजे सरकारची. मग कलम २२ प्रमाणे कलेक्टर त्यातली काही जमीन गावाच्या कामासाठी बाजूला काढून ठेवतो. गुरांना चरायला, स्मशानाला, खळ्याला, बाजाराला, छावणीला. आणि एकदा एखाद्या कामासाठी ठेवली की कलेक्टरच्या परवानगीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. चरायला ठेवलेली ती गायरान. विदर्भात लोक ई-क्लास म्हणतात. तिच्यावर फुकट चराईचा हक्क त्या गावच्या गुरांना असतो, म्हणजे ज्याच्याकडे एक शेळी आहे त्याचाही आणि ज्याच्याकडे वीस म्हशी आहेत त्याचाही, सारखाच.

तुम्हाला तुमच्या गावची अशी जमीन शोधायची असेल तर तलाठ्याकडे गाव नमुने, म्हणजे गावच्या जमिनींची रजिस्टरं असतात (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात सगळे तलाठीच म्हणतात). नमुना एक मधे पोटभाग आहेत, १-अ मधे वनजमिनी, १-ब मधे सरकारच्या पडून असलेल्या बिनभोगवट्याच्या जमिनी, आणि १-ई हे रजिस्टर फक्त अतिक्रमणाचं. या १-ई बद्दल पुढे बोलायचंच आहे.

आता मुद्द्याचं. समजा एखाद्याने गायरानात वीस गुंठे नांगरून ज्वारी पेरली, किंवा पत्र्याचं शेड टाकलं. काय होतं?

महसूल संहितेचं कलम ५० लागतं. कलेक्टर, आणि प्रत्यक्षात बहुतेक वेळा तहसीलदार, कारण अधिकार त्यांच्याकडे दिलेले असतात, ते अतिक्रमण काढून टाकायचा आदेश देऊ शकतात. त्यासाठी दिवाणी कोर्टात दावा लावायची गरज नाही. जितका काळ ताबा होता तितक्या काळाचा सारा, म्हणजे जमिनीची आकारणी वसूल होते. आणि त्यावर दंड. शेतीसाठी वापर केला असेल तर कमीत कमी ५ रुपये आणि जास्तीत जास्त १००० रुपये. शेती सोडून दुसरा वापर, म्हणजे घर, दुकान, गोडाऊन, तर २००० रुपयांपर्यंत. नोटीस देऊन तारीख दिली आणि तरी काढलं नाही तर पुढे रोजचा दंड, शेतीला दिवसाला २५ रुपयांपर्यंत, बिगरशेतीला ५० पर्यंत.

हो, बरोबर वाचलंत. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं जुनी आवृत्ती हातात आली असेल, म्हणून काकांना फोन केला तर ते म्हणाले हेच आहे. १९६६ साली हजार रुपये म्हणजे मोठी रक्कम होती, आज हायवेलगत वीस गुंठे अडवणाऱ्याला त्या दंडाची काय भीती वाटणार. वर्षभर रोज ५० रुपयांनी दंड लागला तरी १८,२५० होतात, तेवढं तर त्या गोडाऊनचं दोन महिन्याचं भाडं येत असेल. ग्रामपंचायत कायद्यातली रक्कम तर अजून छोटी आहे, महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ५३ मधे गावठाणात रस्ता वगैरे अडवला तर दंड ५० रुपयांपर्यंत आणि नंतर रोजचे ५ रुपये. माझं स्पष्ट मत आहे की हे आकडे बदलायला हवेत, जमिनीच्या बाजारभावाला जोडायला हवेत, कारण दंड असा हवा की अतिक्रमण करून फायदाच उरू नये.

पण म्हणून "काही होत नाही" हे खरं नाही. खरा मार दंडाचा नाहीच. महसूल संहितेच्या कलम ५३ प्रमाणे माणसाला तिथून थेट बाहेर काढता येतं आणि कलम ५४ प्रमाणे जे बांधकाम, पीक, सामान मागे राहिलं ते सरकारजमा होऊ शकतं, काढायचा खर्च परत त्याच्याकडूनच. पैसे नाही भरले तर जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसुली, म्हणजे त्याच्या स्वतःच्या नावावरच्या जमिनीवर सुद्धा जप्ती येऊ शकते. दहा लाख घालून बांधलेलं गोडाऊन गेलं तर ती शिक्षा दोन हजारापेक्षा खूप मोठी आहे. फक्त ती होते कधी, हा प्रश्न.

मग लोक म्हणतात की नियमित करून घेऊ. कलम ५१ मधे तशी सोय आहे खरी. अतिक्रमण केलेल्या माणसाने मागणी केली तर कलेक्टर ती जमीन त्याला देऊ शकतो, पण त्यासाठी जमिनीच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत रक्कम आणि साऱ्याच्या पाचपटीपर्यंत आकारणी घेता येते, आणि आधी जाहीर नोटीस काढून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. इथे एक शब्द नीट लक्षात ठेवा, "देऊ शकतो". द्यायलाच पाहिजे असं नाही. तो हक्क नाही. आणि गायरानाच्या बाबतीत तर ही वाट २०११ नंतर खूप अरुंद झाली.

२०११ ला काय झालं ते सांगतो, कारण त्या एका निकालाने सगळी चर्चा बदलली. पंजाबात पटियाला जिल्ह्यात रोहर जागीर नावाचं गाव. तिथल्या गावतळ्याच्या जागेत काही लोकांनी भराव टाकून घरं बांधली. वरच्या अधिकाऱ्याने काय केलं तर पैसे घेऊन ती जागा त्यांनाच द्या असं म्हटलं. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, जगपाल सिंग विरुद्ध पंजाब सरकार, आणि २८ जानेवारी २०११ ला न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि न्यायमूर्ती ग्यान सुधा मिश्रा यांनी निकाल दिला. गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढायची योजना देशातल्या सगळ्या राज्यांनी तयार करावी, असा आदेश. आणि पुढचं वाक्य गावोगावच्या चावडीवर लावण्यासारखं आहे, म्हणजे त्याचा आशय असा की खूप वर्षांपासून ताबा आहे, खूप खर्च करून बांधकाम केलंय, राजकीय ओळखी आहेत, यातलं कुठलंच कारण अतिक्रमण नियमित करायला चालणार नाही. अपवाद ठेवला तो भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना सरकारने कुठल्या नियमाने जमीन दिली असेल तर, किंवा तिथे आधीच शाळा, दवाखाना असं सार्वजनिक काही उभं असेल तर.

त्यावरून आपल्या सरकारने १२ जुलै २०११ ला शासन निर्णय काढला. मग अकरा वर्ष गेली आणि २०२२ मधे मुंबई हायकोर्टाने स्वतःहून याचिका दाखल करून घेतली तेव्हा कोर्टासमोर आलेले आकडे असे की राज्यात गायरान साधारण ४ लाख ५२ हजार हेक्टर, त्यातलं १०,०८९ हेक्टर अतिक्रमणाखाली, आणि अतिक्रमणांची संख्या २ लाख २२ हजार १५३. दहा हजार हेक्टर म्हणजे जवळपास पंचवीस हजार एकर. टक्केवारीत काढलं तर सव्वादोन टक्के दिसतात आणि माणूस म्हणतो एवढंच? पण गायरान कुठलं जातं ते बघा, डोंगरातलं खडकाळ कुणी घेत नाही, गावाजवळचं, रस्त्यालगतचं, पाण्याजवळचं जातं.

आता तो बारा वर्षांचा गैरसमज. दुसऱ्याच्या खाजगी जमिनीवर उघडपणे, मालकाच्या विरोधात, सलग बारा वर्ष ताबा ठेवला तर मालकाचा दावा मुदतबाह्य होतो, हे मुदतीच्या कायद्यात आहे. लोकांनी तेच सरकारी जमिनीला लावलं. पण त्याच मुदत अधिनियम १९६३ मधे सरकारने दावा लावायची मुदत ३० वर्ष आहे. आणि तीस वर्ष झाली म्हणजे काम झालं असंही नाही, ताबा नुसता असून चालत नाही, तो सरकारच्या हक्काला नाकारून, उघड आणि सलग होता हे सिद्ध करावं लागतं आणि सार्वजनिक जमिनीच्या बाबतीत कोर्ट ते फार कडकपणे बघतं. मधे एकदा जरी तुम्ही अर्ज केलेला असेल की "ही सरकारी जमीन मला द्या", तर तुम्ही स्वतःच मान्य केलं ना की मालक सरकार आहे. आणि अतिक्रमण नियमित करा म्हणून अर्ज तर जवळजवळ प्रत्येकाने केलेला असतो.

यातूनच १-ई चा घोळ. तलाठी पंचनामा करतो, कोण बसलंय, किती क्षेत्र, कधीपासून, काय पीक, ते १-ई मधे लिहितो. लोकांना वाटतं सरकारदप्तरी नाव लागलं म्हणजे आपला हक्क झाला. काही जण त्याची नक्कल लॅमिनेट करून ठेवतात. पण ते रजिस्टरच अतिक्रमणाचं आहे, तिथलं नाव म्हणजे मालकाचं नव्हे, अतिक्रमण करणाऱ्याचं नाव. नियमित करायची एखादी योजना आलीच तर अमुक तारखेआधीपासून ताबा होता हे दाखवायला ती नोंद उपयोगी पडते, म्हणून तिला किंमत आहे. पण नियमात न बसणाऱ्याच्या विरोधात तीच नोंद पुरावा म्हणून उभी राहते.

आणि आता जे प्रकरण मला सगळ्यात भयंकर वाटतं ते. शहराजवळच्या गायरानात कुणीतरी दांडगा माणूस चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडतो आणि बाँडपेपरवर नोटरी करून विकतो. गुंठा दोन लाख, अडीच लाख. घेणारा कोण तर रिक्षावाला, कंपनीतला कंत्राटी कामगार, धुणीभांडी करणारी ताई, ज्यांना नियमातला प्लॉट परवडत नाही. ते घर बांधतात, लाईट मीटर येतं, घरपट्टीची पावती मिळते, आणि मग त्यांना वाटतं की सगळं कायदेशीर आहे. घरपट्टी भरली म्हणून जमीन तुमची होत नाही. मीटर आलं म्हणूनही होत नाही. आणि कलम ५० मधे शब्द असे आहेत की ज्याने अतिक्रमण केलं किंवा ज्याचा आता अनधिकृत ताबा आहे, म्हणजे नोटीस विकणाऱ्याला नाही, राहणाऱ्याला येते. विकणारा तोपर्यंत दुसऱ्या गायरानात रेघा मारत असतो. माझ्या नात्यातल्या एका कुटुंबाने असाच प्लॉट घेतला, बायकोचे दागिने मोडून, आणि त्यांच्या हातात आज फक्त तो बाँडपेपर आहे.

पण अशा विकणाऱ्याला मात्र खरी जेल आहे, हे फार कमी लोकांना माहीत असतं. जी जमीन आपली नाही ती आपली म्हणून विकणं ही फसवणूक. पूर्वी ज्याला लोक चारशेवीस म्हणायचे ते आता भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ चं उपकलम ४, शिक्षा सात वर्षांपर्यंत आणि दंड. खोटे उतारे किंवा खोटे शिक्के वापरले असतील तर बनावट दस्तऐवजाची कलमं वेगळी. त्यामुळे फसलेल्या माणसाने घाबरून गप्प न बसता पोलिसात लेखी तक्रार द्यावी, पैसे दिल्याचे ऑनलाइन पुरावे, बाँडपेपर, फोनवरचे मेसेज सगळं जपून ठेवावं. तुमचा ताबा त्याने कायदेशीर होणार नाही, पण पैसे घेणाऱ्यावर केस उभी राहते.

आता सरपंच आणि सदस्यांबद्दल, गावात सगळ्यात जास्त धार असलेलं कलम हेच. ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम १४, पोटकलम १, खंड ज-३. सरकारी जमिनीवर किंवा सार्वजनिक मालमत्तेवर ज्याचं अतिक्रमण आहे तो सदस्य व्हायला किंवा राहायला अपात्र. निवडून आला असेल तरी पद जातं. कलेक्टरकडे अर्ज करायचा, सुनावणी होते, निर्णय कलेक्टर देतो आणि त्यावर अपील आहे.

लोकांनी यातून पळवाट काढली होती. अतिक्रमण नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर, निवडणूक बायको लढवणार, आणि अर्ज झाला की म्हणणार अतिक्रमण मी केलेलंच नाही, मी फक्त त्या घरात राहते. २०१७ मधे सुप्रीम कोर्टाच्या एका निकालाने हा बचाव काही काळ चालला सुद्धा. पण १९ सप्टेंबर २०१८ ला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने जनाबाई विरुद्ध अपर आयुक्त या आपल्या महाराष्ट्रातल्याच प्रकरणात सांगितलं की तसं नाही, कुटुंबाने केलेल्या अतिक्रमणाचा लाभ घेत जो तिथे राहतोय तोही यात येतो, आधीचा अर्थ बरोबर नव्हता. तेव्हापासून गावोगावी पदं गेली. दोन हजाराच्या दंडाला न घाबरणारा माणूस सरपंचपद जाईल म्हटलं की स्वतः जेसीबी बोलावून ओटा पाडतो, हे मी डोळ्याने पाहिलंय. अर्थात याचा वापर गटबाजीत सूड घ्यायला पण होतो, कुणाच्या न्हाणीची भिंत दोन फूट पुढे आली म्हणून अर्ज होतात, म्हणून मोजणी झाल्याशिवाय कुणावर आरोप करू नये असं मला वाटतं.

मुरूम आणि वाळूकडे येऊ. आमच्या गायरानातला तो खड्डा. जमिनीच्या पोटातला मुरूम, दगड, वाळू यांना कायद्यात गौण खनिज म्हणतात आणि परवानगी, रॉयल्टी याशिवाय ते काढता येत नाही. महसूल संहिता कलम ४८ उपकलम ७ प्रमाणे जेवढं काढलं त्याच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड. इथे दंड किमतीला जोडलाय म्हणून तो बोचतो. उपकलम ८ प्रमाणे गाडी, पोकलेन, बोट जे वापरलं ते जप्त, आणि सोडवायचं तर वेगळा दंड भरून, पुन्हा असं करणार नाही असा जातमुचलका लिहून द्यायचा. शिवाय केंद्राचा खाण आणि खनिज कायदा १९५७, त्याच्या कलम २१ मधे २०१५ च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांपर्यंत कैद आणि हेक्टरी पाच लाखांपर्यंत दंड. आणि सुप्रीम कोर्टाने २०१४ मधे स्पष्ट केलंय की खनिज कायद्याची केस असली तरी त्यासोबत चोरीचा गुन्हाही दाखल होऊ शकतो, कारण नदीतली वाळू सरकारची आणि ती न विचारता नेणं म्हणजे चोरीच.

खड्डा किती मोठा होता हे मोजून पंचनामा करावा लागतो, लांबी रुंदी खोली, त्यावरून किती ब्रास (मुरूम-वाळू मोजायचं माप) गेला ते काढतात. म्हणून तक्रार लवकर करायची असते. पावसाळा गेला की खड्ड्यात पाणी साठतं, कडा ढासळतात, आणि मग नैसर्गिक खड्डा आहे म्हणून सांगायला लोक मोकळे.

ताबा न घेता नुसतं नुकसान केलं तर? गावच्या पाण्याच्या टाकीचा पाईप फोडला, बसस्टँडची बाकं तोडली, बांध फोडला. सार्वजनिक मालमत्ता नुकसान प्रतिबंधक कायदा १९८४ लागतो, साध्या नुकसानीला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पाणी, वीज, सांडपाणी, वाहतूक, टेलिफोन यांच्याशी जोडलेली मालमत्ता असेल तर कमीत कमी सहा महिने सक्तमजुरी, वर पाच वर्षांपर्यंत. आग लावून किंवा स्फोटकाने केलं तर कमीत कमी एक वर्ष आणि दहा वर्षांपर्यंत. आमच्या गावातल्या "दहा वर्ष जेल" चा उगम बहुतेक इथे असावा, पण ते आग लावण्याला आहे, गोठा बांधण्याला नाही. याशिवाय न्याय संहितेच्या कलम ३२४ मधे नुकसान किती रुपयांचं त्यावर शिक्षा ठरते, एक लाख किंवा जास्त असेल तर पाच वर्षांपर्यंत.

जंगलाचं गणित वेगळं आहे आणि तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे, पण दोन गोष्टी सांगतोच. सह्याद्रीत उन्हाळ्यात वणवे लागतात, बऱ्याचदा लावले जातात, पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं म्हणून. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ प्रमाणे राखीव जंगलात आग लावणं गुन्हा आहेच, पण त्याच कलमात असंही आहे की आग मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने लागली असेल तर सरकार त्या जंगलातले चराईचे आणि वनोपजाचे हक्क काही काळ थांबवू शकतं. म्हणजे काडी एकाने ओढायची आणि मोहाची फुलं, जळण, चारा पूर्ण गावाचा बंद. आणि अभयारण्यात वन्यजीव कायद्याचे नियम मोडले तर तीन वर्षांपर्यंत कैद, दंड २०२२ च्या दुरुस्तीने २५ हजारावरून १ लाखापर्यंत नेलाय.

गडकिल्ल्यांवर नावं कोरणाऱ्यांसाठी पण एक ओळ. रायगड, शिवनेरी हे केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत, तिथे दगड फोडणं, कोरणं, विद्रूप करणं याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बदामाच्या चित्रात दोन नावं कोरायची ही किंमत.

आता जे बोलल्याशिवाय हा विषय अर्धा राहील ते. गायरानावर बसलेले सगळे सारखे नाहीत. मराठवाड्यात, विदर्भात कितीतरी दलित, भटके, आदिवासी कुटुंबं पिढ्यान् पिढ्या गायरान कसतात कारण त्यांच्या नावावर इंचभर जमीन नव्हती, गावाने त्यांना कधी दिली नाही. दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते याच पडीक जमिनींसाठी, हजारो लोक तुरुंगात गेले. त्यातूनच पुढे शासन निर्णय निघाले, २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाप्रमाणे १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली मागासवर्गीय भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करायची होती. अनेकांचे अर्ज कागद कमी म्हणून अजून फायलीत पडलेत. वनजमिनीसाठी वनहक्क कायदा २००६ आहे, १३ डिसेंबर २००५ आधीपासून प्रत्यक्ष कसत असलेल्या आदिवासींना, आणि तीन पिढ्यांचं वास्तव्य दाखवणाऱ्या इतर वननिवासींना, चार हेक्टरपर्यंत हक्क मिळतो आणि दाव्याचा निर्णय होईपर्यंत त्यांना काढता येत नाही. त्यांना अतिक्रमणदार म्हणणंच चूक आहे, कायदाच म्हणतो की त्यांच्यावर झालेला ऐतिहासिक अन्याय दूर करायचाय.

गुजरातने २०२० मधे जमीन बळकावण्याविरुद्ध कायदा केला, कमीत कमी दहा आणि जास्तीत जास्त चौदा वर्ष कैद. आपल्याकडेही तसाच करा अशी मागणी अधूनमधून होते. मला त्याची भीती वाटते. एवढी कडक शिक्षा आली की पहिला कोण आत जाणार, प्लॉट पाडणारा की अर्धा एकर कसणारी विधवा? मी आधी म्हटलं तसं दंड बाजारभावाला जोडा, प्लॉट विकणाऱ्यावर फसवणुकीचा गुन्हा लगेच घ्या, आणि भूमिहीनांचे जुने अर्ज आधी निकाली काढा, एवढं केलं तरी पुष्कळ होईल.

तुम्हाला तक्रार करायची असेल तर काय करायचं. पहिलं, गट नंबर काढा आणि ऑनलाइन सातबारा बघा, नाव महाराष्ट्र शासन आहे का, गायरान असा शेरा आहे का. दुसरं, १-ई ची नक्कल मागा, नाही दिली तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज. मग तहसीलदारांना लेखी अर्ज, प्रत ग्रामपंचायतीला, पोच घ्या, तारखेचे फोटो जोडा. ग्रामसभेत ठराव झाला तर फार वजन येतं, कारण मग तो एका माणसाचा अर्ज राहत नाही. आणि भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्दीची मोजणी करून घ्या अशी मागणी अर्जातच लिहा, सगळी प्रकरणं शेवटी तिथेच अडतात.

आणि नोटीस तुम्हालाच आली असेल तर ती फाडून टाकू नका, उत्तर द्या. जमीन तुमचीच आहे असा खरा दावा असेल तर महसूल संहितेच्या कलम २० मधे चौकशी मागता येते, कलेक्टरचा निर्णय विरोधात गेला तर दिवाणी कोर्टात जायला एक वर्षाची मुदत आहे, ती चुकवू नका. १३ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की पाडापाडीआधी किमान पंधरा दिवसांची नोटीस आणि बाजू मांडायची संधी द्यायला हवी, फक्त रस्ता, फूटपाथ, रेल्वेलगत, नदी किंवा जलाशय अशा सार्वजनिक ठिकाणच्या अनधिकृत बांधकामांना आणि कोर्टाच्या आदेशाने होणाऱ्या कारवाईला ते संरक्षण नाही.

आमच्या गावात ठराव झालाय. मोजणीची फी लोकांनी वर्गणी काढून भरली, शेळ्यावाल्या म्हाताऱ्या आजींनी सुद्धा पन्नास रुपये दिले. मोजणीदार येऊन गेले, चार कोपऱ्यांपैकी तीन दगड सापडले. चौथा त्या मुरमाच्या खड्ड्यात गेलेला असणार असं सगळे म्हणतात. कुंपण घातलेल्या ज्वारीवाल्याने सुगी झाली की तार काढतो असं लिहून दिलंय. गोडाऊनवाल्याने अपील केलंय, त्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे.